पाण्यावरचा खोटा आळ

मे महिन्यातला शेवटचा मुहूर्त उरकला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात पार्लरांत आणि नवऱ्या सजवणाऱ्या बायांच्या घरी मेकअपची पेटी मिटते. ब्रश रुमालाला दोनचारदा पुसायचे, पाउचात कोंबायचे, चेन ओढायची आणि पेटी कपाटात वरच्या फळीवर टाकायची. ती पुन्हा खाली येते श्रावणातल्या मंगळागौरीला, नाहीतर गणपतीत. ब्रश धुऊन का ठेवत नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: धुतले की खराब होतात. केस गळतात, टोक फिसकारतं, दांड्याचा रंग सुटतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर धुवायचे म्हणजे बुरशीला हाताने बोलावणं. हे मत एखाददुसरीचं नाही. शिकवणारी शिकणारीला तेच सांगते, नमन या कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळात रंग लावणारा जुना गडी नव्या पोराला तेच सांगतो.

हे मत चुकीचं आहे आणि त्याचा त्रास दुसऱ्याच्या चेहऱ्याला, त्यातही डोळ्यांना होतो. म्हणून ते खोडून काढायला हवं. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात अर्थ नाही.

पूर्वपक्षाचा पहिला आधार प्रत्यक्ष अनुभवाचा. नवा ब्रश पहिल्यांदा धुतला की बेसिनमध्ये केस दिसतात, हे खरं आहे. दोनतीन वर्षं धुतलेल्या ब्रशाची मान हलू लागते, दांडा धातूच्या नळीतून निसटतो, रंगाचे पोपडे निघतात, हेही खरं. दुसरा आधार जाणकारांचा. जपानात हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं गाव आहे. सुलेखनाचे ब्रश बनवण्याची तिथली परंपरा जुनी, आणि आज मेकअपच्या उत्तम ब्रशांसाठी ते जगभर ओळखलं जातं. बकरीच्या किंवा खारीच्या केसांच्या, पावडर लावण्याच्या ब्रशाला वारंवार पाणी लावू नका, वापरल्यावर कोरडाच झटकून, पुसून ठेवा, असं तिथले कारागीरही सांगतात. तिसरा आधार आपल्या भूगोलाचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर आला की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी भरतं. ज्या गावात जुलै महिन्यात चादर दोन दिवस वाळत नाही, तिथे दाट केसांचा ब्रश वाळणार कधी?

तिन्ही आधार वजनदार आहेत. पहिल्यापासून सुरुवात करू.

न्यायशास्त्र शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक उदाहरण देतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे. अग्नीबरोबर ओलं सरपण असलं तरच धूर, एरवी नाही. या लपून राहिलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. जिथे धुणं तिथे ब्रशाचा नाश, या अनुमानातही अशीच एक उपाधी दडलेली आहे. ब्रश बिघडतो तो त्याच्या गळ्यात साचून राहिलेल्या पाण्याने.

ब्रशाची रचना पाहा. केसांचा झुबका गोंदाने, बहुधा इपॉक्सीने, एका धातूच्या नळीत बसवलेला असतो. नळीच्या दुसऱ्या तोंडात लाकडी दांडा चेपून घट्ट केलेला असतो. म्हणजे केस, गोंद, धातू आणि लाकूड या चौघांची गाठ त्या गळ्यात पडते. केस वरच्या बाजूला करून नळाखाली धरला, किंवा धुऊन ओलाच पेल्यात उभा ठेवला, की पाणी खाली उतरून तिथे साचतं. आडवा ठेवला तरी दाट केसांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने ते थोडंफार शिरतंच. ओलं लाकूड फुगतं, वाळताना आकसतं. धातू फुगत नाही आणि आकसत नाही. दर धुण्याला हा ताण पडत गेला की चेपलेली पकड सैल होते, दांड्यावरच्या रंगाला भेगा जातात, गोंद सुटतो. त्यात कढत पाणी घातलं तर आणखी वाईट, कारण खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली बरीचशी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास नरम पडू लागते. ‘गरम पाण्याने जंतू मरतात’ म्हणून उकळतं पाणी ओतणाऱ्यांना याची कल्पना नसते. राजापूरच्या माणसाला पाण्याचं माप सांगायला तापमापक लागत नाही. उन्हाळे गावातल्या कुंडाचं पाणी सुमारे बेचाळीस अंशांचं आहे, अंगावर घेताना बरं वाटतं तितकंच. ब्रशाला त्याहून गरम पाणी नको.

पहिल्या धुण्यात केस गळतात, त्याचंही कारण पाणी नव्हे. झुबका बांधताना काही केस आखूड राहतात, गोंदापर्यंत पोचतच नाहीत. ते आज ना उद्या पडणारच असतात. पाण्यात पडले तर बेसिनमध्ये दिसतात, कोरडे पडले तर नवरीच्या गालावर. दोनतीन धुण्यांनंतरही गळती थांबली नाही, तर तो ब्रश बनवतानाच कच्चा राहिला आहे.

आता तापलेल्या गोळ्यासारखा प्रतिदाखला हवा: धुणं आहे, पण नाश नाही. तो कोकणातल्या घराघरात होता, अजूनही काही ठिकाणी आहे. दाढीचा ब्रश. डुकराच्या राठ केसांचा, नाहीतर बिज्जूच्या मऊ केसांचा. रोज सकाळी पाण्यात बुडायचा, साबणात घोळायचा, गालावर रगडला जायचा, खळखळून धुतला जायचा. मेकअपचा ब्रश महिन्याकाठी जितकं पाणी बघत नाही, तितकं हा आठवड्यात बघायचा, आणि वर्षानुवर्षं चालायचा. कोणी म्हणेल, त्याचा केस राठ, दांडा लाकडाऐवजी प्लास्टिकचा. कबूल. पण त्या हरकतीतूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. फुगणारं लाकूड आणि मुरणारं पाणी एकत्र आली नाहीत, की रोजचं धुणंही केसाच्या ब्रशाला मारत नाही. चित्रकारांचे जलरंगाचे ब्रशही तेच सांगतात. दिवसभर पुन्हा पुन्हा पाण्यात बुडतात आणि नीट आडवे वाळवले तर कित्येक वर्षं त्यांची टोकं शाबूत राहतात.

कुमानोच्या कारागिरांचं म्हणणं मात्र खोडायचं कारण नाही, समजून घ्यायला हवं. त्यांचा सल्ला नैसर्गिक केसांसाठी आहे, कोरड्या पावडरीसाठी आहे, आणि एका मालकिणीच्या एका चेहऱ्यासाठी आहे. नैसर्गिक केसावर खवल्यांसारखं आवरण असतं, पावडर त्यात अडकते. तेच त्या ब्रशाचं वैभव. साबणाच्या वड्या क्षारधर्मी असतात. त्या धर्माने खवले उकलतात, केस राठ होतो. म्हणून अशा ब्रशाला पाणी बेताने आणि वडीऐवजी सौम्य शाम्पू, हे बरोबरच आहे. पण आपल्याकडच्या पेट्यांत आज बहुतेक ब्रश नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. त्यांच्यावर खवले नाहीत, ते फारसं पाणी पीत नाहीत, शाम्पूने त्यांचं काही बिघडत नाही. शिवाय त्यांनी लावायची वस्तू म्हणजे फाउंडेशन, कन्सीलर, क्रीम. तेल, मेण, सिलिकोन आणि रंगद्रव्याचा हा लगदा कोरडा झटकून जात नाही. बकरीच्या केसाचा नियम नायलॉनला लावणं हा अतिव्याप्तीचा दोष झाला. आणि एका चेहऱ्याचा नियम पार्लरला लावणं ही त्याहून मोठी चूक. आपला ब्रश कशाचा, याची शंका असेल तर एक केस उपटून काडीच्या ज्योतीला धरा. जळक्या केसांचा वास आला तर नैसर्गिक, वितळून गोळी झाली तर कृत्रिम.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगितलीच पाहिजे. नमनाच्या, नाटकाच्या रंगपेटीत बारीक रेघांसाठी बऱ्याचदा चित्रकलेचेच ब्रश असतात. त्यांत मुंगसाच्या केसाचा ब्रश कोणी कौतुकाने विकत असेल तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसाचा व्यापार गुन्हा आहे. एका ब्रशासाठी मुंगूस मारलं जावं, इतकी कुठल्याच रेघेची किंमत नाही.

उरला भूगोल. हा आधार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. ‘पावसाळ्यात धुवू नका, ओला राहील’ असं म्हणणारा गृहीत धरतो, की न धुतलेला ब्रश कोरडा राहतो. तो राहत नाही. केस हवेतली ओल पितो, हे विज्ञानाला इतकं जुनं ठाऊक आहे की जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाच्या केसाचं आर्द्रतामापकच बनवलं होतं. ओल वाढली की केस लांबतो, घटली की आखडतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली की कोरड्या केसात त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा पाणी शिरतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची हवा बहुतेक वेळा तशीच असते. म्हणजे पाउचात बंद केलेला ब्रश पाण्याचा थेंब न लागताही ओलसर होतो. कृत्रिम केस स्वतः फारशी ओल पीत नाही, पण त्यावर बसलेला मळ पितो.

बुरशीला ओल लागते, तसं खाद्यही लागतं. मेच्या शेवटी पुसून ठेवलेल्या ब्रशात काय नसतं? कितीतरी चेहऱ्यांच्या मेलेल्या त्वचेचे कण, घाम, तेल, फाउंडेशनची स्निग्ध पुटं. त्यावर अडीच-तीन महिने दमट अंधार. नैसर्गिक केसांचा असेल तर कसरीचंही फावतं, कारण केस म्हणजे प्रथिनच. उलट धुऊन खडखडीत वाळवलेला ब्रश त्याच कपाटात ठेवला, तर ओल त्यालाही लागते, पण खाद्य नसल्याने बुरशीला पाय रोवायला जागा मिळत नाही. अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे कारण असताना आणि नसताना काय होतं ते ताडून, पाहिलं तर बुरशीचं कारण मळ आणि ओल मिळून आहे. ओल आपल्या हातात नाही. मळ आहे.

म्हणून आगोटीच्या कामांत ब्रश धुणं आलं पाहिजे. मृग लागायच्या आधी कोकणात घर शाकारतात, लाकूडफाटा आत घेतात, सुकी मासळी, कडधान्यं, मसाले उन्हं देऊन डब्यात भरतात. मेच्या त्या बिनपावसाच्या हवेत धुतलेला ब्रश रात्रीतून वाळतो. नेमकं तेव्हाच तो न धुता ठेवायचा, आणि गणपतीच्या धांदलीत, भर पावसात, वास आला म्हणून धुवायचा, हा सध्याचा क्रम आहे. मग तो वाळत नाही, आणि आळ येतो पाण्यावर.

आता दुसऱ्या बाजूचे प्रतिपक्षी. यांना धुणं मान्य आहे, पण त्यांना वाटतं फवारा पुरतो. एकीचा मेकअप झाला की ब्रशावर स्पिरिट मारायचं, टिश्यूला पुसायचं, पुढचीला बसवायचं. सत्तर टक्के अल्कोहोल जीवाणू मारतं, हे खरं आहे. पण अल्कोहोल मळ काढत नाही, आणि मळाच्या पुटाखाली ते नीट पोचतही नाही. दवाखान्यातली हत्यारं असोत वा ब्रश, आधी स्वच्छ, मग निर्जंतुक, हा क्रम उलटा करता येत नाही. शिवाय डोळे येण्याच्या साथीमागे बहुतेकदा ॲडेनोव्हायरस असतो, त्याच्यावर अल्कोहोलचा अंमल कमी चालतो आणि तो कोरड्या पृष्ठभागावर बरेच दिवस तग धरतो. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची केवढी साथ आली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. एकाच लायनरच्या ब्रशाने रांगेने दहा जणांचे डोळे रंगवणं म्हणजे काय, हे त्या आठवणीशी जोडून पाहावं.

ही नुसती भीती घालणं नव्हे. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरात असलेली ४६७ प्रसाधनं तपासली. लिपस्टिक, ग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि मेकअपचे स्पंज. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७९ ते ९० टक्के वस्तूंत जीवाणू आढळले. ब्रश त्यात नव्हते, पण ब्रशाचा सख्खा भाऊ स्पंज होता. ९३ टक्के स्पंज कधीच धुतले गेले नव्हते, आणि दोनतृतीयांशाच्या आसपास जमिनीवर पडूनही वापरले गेले होते. निरोगी कातडी यातलं बरंच पचवते. पण पार्लरमध्ये आधी थ्रेडिंग होतं आणि मग लगेच मेकअप. नमनात गौळणीचं काम करणारा पुरुष तासाभरापूर्वी गुळगुळीत दाढी करून येतो. दोघांच्याही कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा असतात. जंतूंना दार उघडून द्यायला तेवढ्या पुरतात.

स्पिरिटाबद्दल आणखी एक. ते पेटतं. रंगपटात निरांजन आहे, कोणी विडी ओढतोय, आणि शेजारी फवारा चालू आहे, असं होऊ देऊ नये.

तिसरा पक्ष घरगुती उपायवाल्यांचा: रिठा, व्हिनेगर, खायचा सोडा. रिठ्याबद्दल मला आदर आहे. त्यातलं सॅपोनिन खरोखरच मळ सोडवतं, नैसर्गिक केसाला ते मानवतंही, पावडरच्या ब्रशाला खुशाल वापरावं. मात्र काढा ताजा हवा, दोन दिवसांत आंबतो. आणि तो डोळ्यांना झोंबतो, म्हणून डोळ्यांच्या ब्रशात त्याचा अंशही राहता कामा नये. न निघणाऱ्या सिलिकोनच्या फाउंडेशनपुढे मात्र त्याचं चालत नाही. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्याला तर काहीच अर्थ नाही. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि मागे जवळजवळ निष्क्रिय असं लवणाचं पाणी उरतं. फसफसणं दिसतं म्हणून स्वच्छता झाली असं वाटतं, एवढंच.

खंडन झालं, आता मंडन. क्रीमच्या ब्रशाला आधी दोन थेंब खोबरेल तळहातावर घेऊन घोळवावं, कारण मेण आणि सिलिकोनचा थर तेलाने सुटतो. मग तळहातावरच सौम्य शाम्पू. टोक कायम खाली, पाणी फक्त केसांना, गळ्याला नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू असतं, त्यामुळे फेस भरपूर येतो आणि लवकर निघत नाही; देशावरच्या जड पाण्यापेक्षा इथे शाम्पू निम्मा घ्यावा आणि जास्त वेळ खळबळावं. पाणी नितळ येईपर्यंत. हे सगळं कोणालाही जमतं. चुकतं ते पुढे.

खरं काम वाळवण्याचं आहे. ब्रश धुतल्याबरोबर जुन्या सुती पंच्यात केस गुंडाळून मुठीने दाबावेत, सोडावेत, कोरडा कोपरा घेऊन पुन्हा दाबावेत. पिळू नयेत. जे पाणी कापडात गेलं, ते हवेला न्यावं लागत नाही. दमट हवेत हवेवर टाकलेलं काम रेंगाळतं, म्हणून आधी कापडाकडून जितकं करून घेता येईल तितकं करावं. मग बोटांनी आकार देऊन ब्रश टेबलाच्या कडेला असा ठेवावा की केस कडेबाहेर राहतील आणि टोक किंचित खाली झुकेल. दांड्याखाली घडी घातलेला रुमाल सारला की तेवढा उतार मिळतो. वर पंखा. केसांभोवती साचलेली ओलसर हवा पंखा हलवत राहतो, वाळण्यातलं अर्धं काम तेच आहे. कडक ऊन नको, केस वाळवायचा गरम ब्लोअर नको, चुलीची धग तर नकोच. गोंद आणि कृत्रिम केस दोन्ही तापाने बिघडतात. बारीक ब्रश रात्रीत वाळतात. गालाचा दाट ब्रश पावसाळ्यात दीड दिवसही घेईल, घेऊ द्यावा. केस मुळाशी चिमटीत दाबून पाहावेत. बाहेरून कोरडा लागलेला ब्रश तिथे गार लागला तर अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावर कापडी पिशवीत, किंवा सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवावा. प्लास्टिकच्या पाउचात नाही.

किती वेळा? अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था घरच्या वापरासाठी सात ते दहा दिवसांतून एकदा सांगते. रोज मेकअप न करणाऱ्या बाईने दिनदर्शिकेऐवजी वापर मोजावा. पार्लरला हा हिशेब लागू नाही; तिथे प्रत्येक चेहऱ्याला धुतलेला ब्रश हवा. एका दिवसात तीन नवऱ्या असतील तर ओला ब्रश वापरता येणार नाही, हे मान्य. त्याला उपाय म्हणजे ब्रशांचे तीन संच. महागाचे नसले तरी चालतील. कृत्रिम केसांचा साधा, धुतलेला ब्रश हा मळलेल्या उंची ब्रशापेक्षा केव्हाही चांगला. फारच अडलं तर आधी रंग पूर्ण पुसून, मग अल्कोहोल, आणि ते उडून जाईपर्यंत थांबणं, एवढी तडजोड पावडरच्या ब्रशापुरती चालेल. डोळ्यांच्या आणि ओठांच्या ब्रशाला ती लागू नाही.

राजापुरातल्या पार्लरवाल्या ताईंना आणि गावोगावच्या नमन-जाखडी मंडळांना माझी विनंती आहे. येत्या आगोटीला पेटी वर टाकण्याआधी सगळे ब्रश धुवा, टोक खाली करून वाळवा आणि कापडात ठेवा. मंडळांनी शिमग्याच्या आधी प्रत्येक कलावंताला डोळ्यांसाठी त्याचा स्वतःचा ब्रश द्यावा आणि दांड्यावर त्याचं नाव लिहावं. ज्यांच्या चेहऱ्यावर ब्रश फिरतो त्यांनीही खुर्चीत बसण्याआधी ‘हा धुतलेला आहे ना?’ असं विचारायला संकोचू नये.